ब्रँडराव

ऑफिसात त्याला सगळे ब्रँडराव म्हणतात. खरं नाव पगाराच्या स्लिपवर आहे, पण नुसत्या नावावर त्याचं भागत नाही. लिंक्डइनवर नावाखाली स्वतःबद्दल 220 अक्षरं लिहायची सोय असते. आम्ही तिथं 'सॉफ्टवेअर इंजिनियर' एवढं लिहून मोकळे झालो आणि उरलेली अक्षरं फुकट घालवली. ब्रँडरावानं एकही सोडलं नाही. स्टोरीटेलर, चेंजमेकर, क्लाउड एव्हँजेलिस्ट, लाइफलाँग लर्नर, डॉग डॅड. कुत्रा सोसायटीचा आहे. तो बी विंगच्या जिन्याखाली झोपतो, वॉचमनकाकांच्या हातची पोळी खातो आणि ब्रँडरावाला बघून भुंकतो. एवढं सगळं लिहिल्यावर हा गृहस्थ नेमकं करतो काय, ते लिहायला जागाच उरली नाही, म्हणून ते मी सांगतो. हिंजवडीच्या फेज टूमधल्या एका कंपनीत बसून तो एका परदेशी विमा कंपनीचं हप्ते भरायचं पान सांभाळतो. सगळं पान नव्हे. उजवा कॉलम.

प्रोफाइलचा फोटो त्यानं कोथरूडच्या एका स्टुडिओत काढून घेतला. भर मे महिन्यात, ब्लेझर घालून. खाली बर्म्युडा होती, पण ती चौकटीत येत नाही. छातीशी हाताची घडी, नजर कॅमेऱ्याच्या जराशी वर, साधारण 2035 सालाकडे लागलेली. शाळेत बाई सांगायच्या, हाताची घडी, तोंडावर बोट. त्यातलं पहिलं त्यानं जन्मभरासाठी मनावर घेतलं. दुसरं राहून गेलं.

खूळ त्याच्या एकट्याचं नाही. ऑगस्ट 1997 मध्ये अमेरिकेतल्या 'फास्ट कंपनी' मासिकात टॉम पीटर्स या मॅनेजमेंट गुरूनं एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की नोकरदारानं आता स्वतःला नोकरदार समजू नये. मोठमोठ्या कंपन्या आपल्या मालाचा ब्रँड करतात, तसा ज्यानं त्यानं स्वतःचा करावा. तेव्हा आमचा ब्रँडराव बालवाडीत डबा सांडत होता. पुढं 2003 मध्ये लिंक्डइन सुरू झालं, 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ते 2,620 कोटी डॉलर्सना घेतलं, आणि पीटर्ससाहेबांच्या उपदेशाला जागतिक चव्हाटा मिळाला. चव्हाटा असला की ब्रँडराव काय, उगवतातच.

मंगळवारी सकाळी साडेआठला पोस्ट टाकली की ती जास्त लोकांपर्यंत जाते, हे त्याला एका वेबिनारमध्ये कळलं. वेबिनार फुकट होतं. शेवटी विकत घ्यायचा कोर्स होता, तो त्यानं घेतला. पहिल्या तासात लाइक आले नाहीत तर पोस्ट मरते, अशी त्या पंथाची श्रद्धा आहे. त्यामुळं मंगळवारच्या स्टँडअपला ब्रँडराव फक्त देहानं हजर असतो. काल काय केलंस, आज काय करणार, काही ब्लॉकर आहे का, असं विचारलं की मोबाइलमधून मान वर न काढता तो म्हणतो, "नो ब्लॉकर." खरा ब्लॉकर कोण, हे आम्ही त्याच्या तोंडावर म्हणत नाही.

पोस्ट मरू नये म्हणून एक व्हॉट्सॲप ग्रुपही आहे. तू माझी वाखाण, मी तुझी वाखाणतो, असा रोखीचा व्यवहार. नुसतं 'नाइस' चालत नाही, निदान एक पूर्ण वाक्य लिहावं लागतं. मी त्यात परक्याच्या लग्नात जेवायला बसावं तसा संकोचानं आहे. बाहेर पडलो तर लोकांना दिसेल, म्हणून टिकून आहे.

पोस्ट लिहायची रीत ठरलेली. पहिल्या दोन-तीन ओळी दिसतात, बाकीचं झाकलेलं असतं. म्हणजे सुरुवातीलाच काहीतरी आपटायला हवं. 'काल मी एका उमेदवाराला नापास केलं.' एक ओळ मोकळी. 'तो रडला.' एक ओळ मोकळी. 'मग मीही.' आता पुढचं उघडून बघणार नाही असा पाषाणहृदयी कोण आहे? प्रत्यक्षात ब्रँडराव त्या मुलाखतीच्या पॅनेलवर नव्हता. त्याला मीटिंग रूम बुक करायला सांगितली होती. ती त्यानं भलत्याच मजल्यावर केली, आणि लिफ्ट बंद असल्यामुळं उमेदवार जिने चढून चढून रडकुंडीला आला होता. तिथवर गोष्ट खरी आहे.

एकदा एका इंजिनियरिंग कॉलेजात त्याचं भाषण झालं. शाल, श्रीफळ, काचेचं स्मृतिचिन्ह. संध्याकाळी त्याच्या नावाखाली 'ग्लोबल स्पीकर' चढलं. श्रोत्यांत नेपाळचे दोन विद्यार्थी होते म्हणे.

पण खरी मजा घरच्या आघाडीवर आहे. लिंक्डइनवर पाचशेच्या वर कनेक्शन्स झाली की आकडा न दिसता '500+' असं भारदस्त दिसतं. सुरुवातीच्या काळात ब्रँडरावाला तिथं पोचायला थोडी माणसं कमी पडत होती. तेव्हा त्यानं गावी जाऊन आई, बाबा, विट्याचे मामा अशा सगळ्यांची खाती उघडून दिली. मामांचं खतांचं दुकान आहे. त्यांनी भाच्याच्या क्लाउड कॉम्प्युटिंगमधल्या प्रावीण्याची जाहीर ग्वाही दिलेली आहे, आणि ती अजून तिथं आहे.

बाबांचं खातं मात्र अंगाशी आलं. त्या कोर्समध्ये एक धडा होता, 'ओरिजिन स्टोरी'. यशाच्या मागं अंधार पाहिजे. ब्रँडरावाची पंचाईत अशी, की त्याच्या बालपणी अंधार होता तो फक्त लोडशेडिंगचा. वडील एस.टी.त आगार व्यवस्थापक, आई शिक्षिका, नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी स्वतःचं घर, अंगणात स्कूटर. असल्या सुखवस्तू घरातून माणूस वर आला, तर त्यात कंटेंट काय? तेव्हा त्यानं वडिलांची पदावनती केली. 'माझे वडील एस.टी.त तिकिटं फाडायचे. मी रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला.' ओळ मोकळी. 'आज मी क्लाउडमध्ये आहे.'

लोक हेलावले. पोस्ट धावत सुटली. तिसऱ्या दिवशी खाली एक मराठी प्रतिक्रिया उमटली. फोटो नाही, इमोजी नाही, पोस्टकार्डाचा मायना:

'चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. वाहक असण्यात कमीपणा काहीच नाही, पण मी वाहक नव्हतो. आगार व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो, त्या समारंभाच्या फोटोत तू आहेस. आपल्या घरासमोर रस्त्यावर दिवा तू बारावी झाल्यावर लागला, तोही मी नगरपालिकेत चार अर्ज केल्यावर. तू अभ्यास माडीवर पंख्याखाली करायचास आणि बहुतेक वेळ झोपायचास. येताना आईच्या बीपीच्या गोळ्या आण. इकडे मिळत नाहीत. बाबा.'

या प्रतिक्रियेला मूळ पोस्टपेक्षा जास्त लाइक पडले. दुसरा कुणी असता तर पोस्ट काढून टाकून चार दिवस गप्प बसला असता. ब्रँडरावानं त्याच दुपारी नवी पोस्ट टाकली: 'माझ्या वडिलांनी आज मला ऑथेंटिसिटी शिकवली.' बाबा त्याखाली काही बोलले नाहीत. ते तसे बोलणारे नाहीतच. दर 1 जूनला नातेवाइकांच्या ग्रुपवर ते एस.टी.च्या वाढदिवसाच्या शुभेच्छा तेवढ्या टाकतात, कारण 1948 मध्ये त्या दिवशी पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली. स्वतःच्या वाढदिवसाचं कधी टाकत नाहीत.

एकदा टपरीवर चहा पिताना मी त्याला सहज म्हटलं, "अरे, दासबोधात मूर्खलक्षणांचा एक अख्खा समास आहे. आपली स्तुती आपणच करणारा समर्थांनी त्यात धरलाय." वाटलं, जरा ओशाळेल. त्यानं कप खाली ठेवला. "भारी आहे हे. कितव्या दशकात म्हणालास?" दुसरा दशक, पहिला समास, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. साडेआठला पोस्ट आली: 'सतराव्या शतकातल्या एका संतानं मला पर्सनल ब्रँडिंग शिकवलं.' त्यात मूर्खाची लक्षणं उलटी करून यशस्वी लीडरची केली होती, आणि स्वस्तुतीचं लक्षण तेवढं गाळलं होतं. माझा उल्लेख 'एका ज्युनियरशी चाललेली चर्चा' असा होता. मी त्याला तीन वर्षांनी सीनियर आहे.

तरी त्याची बाजू मला घ्यावीशी वाटते. समर्थांच्या काळी सेल्फ अप्रेझलचा फॉर्म नव्हता. आमच्याकडं दरवर्षी कंपनीच तो हातात देते. वर्षभरातली आपली कामगिरी आपल्याच शब्दांत लिहा आणि 1 ते 5 मध्ये आपणच आपल्याला गुण द्या. लहानपणापासून ज्या गोष्टीसाठी कान पिळले गेले, ती इथं न केली तर रेटिंग पडतं. आम्ही मराठी शाळांतली मंडळी लाजत लाजत 3 लिहितो, वर 'टीमच्या सहकार्यामुळे शक्य झाले' अशी शेपटी जोडतो. ब्रँडराव 5 लिहितो आणि पुरावा म्हणून स्वतःच्या पोस्टींच्या लिंका देतो. मॅनेजर बंगळुरूला, त्याचा मॅनेजर त्याहून लांब, दोघांनीही आमचं काम डोळ्यांनी बघितलेलं नाही. ते फॉर्म बघतात. वरून बेल कर्व्ह, म्हणजे सगळे चांगले असले तरी कुणाला तरी खाली बसवायचंच. 'आपण काम करावं, काम बोलतं' हे घरोघरी सांगितलं गेलं तेव्हा साहेब शेजारच्या खोलीत बसायचा. त्याला कामाचा आवाज ऐकू जायचा. आता काम बोललं तरी ऐकायला मजल्यावर कोण आहे? त्यात अधूनमधून कपातीची बातमी येते. यादीत ज्यांचं नाव कुणालाच ओळखीचं नाही, ती माणसं आधी जातात अशी सगळ्यांची समजूत आहे. ब्रँडराव मूर्ख नाही. घाबरलेला आहे. आम्हीही आहोत, फक्त आम्हाला त्या भीतीवर रोज काही लिहिता येत नाही.

आणि त्याचं चाललं आहे, हेही सांगायला हवं. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी रिलीज केला. शुक्रवारी रिलीज करू नये हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणून तो शुक्रवारीच होतो. रात्री नऊच्या सुमारास हप्ते भरायचं पान आडवं झालं. उजवा कॉलम. टीममधल्या सगळ्यात जुन्या ताई डबा बाजूला सारून लॉग उपसायला बसल्या. या ताईंच्या प्रोफाइलवर फोटोसुद्धा नाही, आणि अख्ख्या सिस्टिममध्ये कुठली वायर कुठं जाते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. ब्रँडराव कोपऱ्यात लॅपटॉपवर खाली मान घालून धडाधड टाइप करत होता. आम्हाला बरं वाटलं. पठ्ठ्या शोधतोय.

साडेअकराला पोस्ट आली. 'आत्ता या क्षणी आमची सिस्टिम बंद आहे. संकटाच्या मध्यात उभं राहून मी शिकलेल्या पाच गोष्टी.' पाचवी गोष्ट होती पारदर्शकता. त्यासाठी त्यानं क्लायंटच्या मोठ्या साहेबांना टॅग केलं होतं. आमचा मॅनेजर त्यांना काय नि कसं कळवायचं याचा मसुदा तेव्हा तिसऱ्यांदा लिहीत होता.

पहाटे तीनला ताईंनी पान उभं केलं. सोमवारी ब्रँडरावाला आत बोलावणं आलं. आम्ही निरोपसमारंभाच्या वर्गणीचा विषयसुद्धा काढला. अर्ध्या तासानं तो हसत बाहेर आला. कंपनीच्या कुठल्याच जाहिरातीला मिळाले नव्हते एवढे प्रेक्षक त्या पोस्टला मिळाले होते, आणि मार्केटिंगवाल्यांनी त्याला प्रोजेक्टमधून मागून घेतला होता. आता तो 'एम्प्लॉयी ॲडव्होकसी चॅम्पियन' आहे. पगार तोच, हुद्दा नवा. ताईंना स्पॉट अवॉर्ड म्हणून एका दुकानाचं पाचशे रुपयांचं व्हाउचर मिळालं. उजवा कॉलम माझ्याकडं आला.

तेव्हा त्याची कनेक्शन रिक्वेस्ट आली तर बेलाशक स्वीकारा. माणशी 30,000 कनेक्शन्सची मर्यादा आहे आणि त्याच्याकडं अजून भरपूर जागा आहे. माणूस मनानं वाईट नाही, अडीअडचणीला उसने पैसे देतो आणि त्यावर पोस्ट टाकायच्या आधी विचारतो. फक्त त्याच्यासोबत चहा प्यायला गेलात तर हवापाण्याचं बोला, भुमकर चौकातल्या ट्रॅफिकचं बोला. शहाणपणाचं काही बोलू नका. विशेषतः सोमवारी.