माणशी दराबाबत मित्रवर्यांस

रा. रा. मित्रवर्य यांस,
स. न. वि. वि.

पवना धरणाकाठी शनिवारचा मुक्काम ठरला, माणशी १५००. त्यावर "आपण बारा जण आहोत, मग सूट किती?" हा आपला मौलिक प्रश्न वाचून ग्रुप धन्य झाला. बारा जणांना बारा पोटं असतात, एवढाच तंबूवाल्याचा हिशेब आहे. दरात तंबू, गादी, संध्याकाळचा चहा-भजी, बार्बेक्यू, रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे आले. यातलं काय आपण सोडणार, तेवढं कळवावं.

दाखला आपण सॅन होजेच्या मेव्हण्यांचा दिलात. योसेमिटीत ते भाडं सहा जणांत वाटून घेतात म्हणे. घेत असतील. तिथे भाडं जागेचं असतं, एका जागेवर सहापर्यंत माणसं. उद्यानात शिरायचे पैसे वेगळे. तंबू आपला, तो ठोकायचा आपण, भांडी घासायची आपण, आणि खाण्याचा कण न् कण अस्वलाला उघडता येणार नाही अशा लोखंडी पेटीत कोंबून मगच झोपायचं. आपली तयारी असेल तर इथेही नुसत्या जागेचं विचारून पाहतो. मात्र मागच्या खेपेस तंबूची चेन लागेना म्हणून आपण मालकाला झोपेतून उठवलं होतं.

शिवाय जागेच्या भाड्यात एक गोम आहे. ऐनवेळी एक गळला की त्याचा वाटा उरलेल्यांच्या बोकांडी बसतो. शुक्रवारी रात्री आपल्याला हटकून ऑफिसचं काम निघतं, हे लक्षात घेता माणशी दर आम्हालाच सोयीचा. बुडाली तर आपलीच आगाऊ रक्कम बुडेल.

आपण सुचवलेल्या 'ओळखीच्या' एजंटालाही फोन केला. दर शंभराने कमी. बार्बेक्यूचे वेगळे, शेकोटीच्या लाकडांचे वेगळे, ड्रायव्हरच्या जेवणाचे वेगळे. बेरीज केल्यावर ओळख महाग पडली. आणि चौघांच्या तंबूच्या दरात आपल्याला एकट्याला तंबू मिळणार नाही. घोरणारे आपण, तेव्हा ही मागणी खरं तर आमची असायला हवी.

राहता राहिली पन्नास रुपयांची घासाघीस. चिंचवडला आपल्या नळाला येतं ते पाणी याच धरणाचं. त्यात जमिनी गेलेल्या कित्येकांचं पुनर्वसन अजून रखडलेलं आहे. भजी घेऊन येणारा पोरगा त्यांच्यातल्याच एखाद्या घरचा असू शकतो. ते पन्नास मी भरतो, आपण त्याच्यासमोर तोंड उघडू नये.

पैसे गुरुवारपर्यंत पाठवावेत. अंगठ्याचं चित्र पाठवल्याने खात्यात काही जमा होत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
सर्वांचे आगाऊ भरून बसलेला

ता. क. अर्ध्या दरासाठी चिरंजीवांचं वय आपण पाच लिहिलंत. गेल्या वर्षी त्याच्या मुंजीत आम्ही सगळे जेवून आलो आहोत.