साखर कारखान्याची प्रेसनोट कशी लिहावी

नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर, लेटरहेड बदलून घ्यावे) जनसंपर्क अधिकारी म्हणून रुजू होणाऱ्याने आधी एक गैरसमज काढून टाकावा. या नोकरीत खोटे बोलावे लागते असे लोक समजतात. मुळीच नाही. खोटे पकडले जाते, मग खुलासा छापावा लागतो आणि तो मूळ बातमीपेक्षा जास्त चवीने वाचला जातो. प्रेसनोटमधला प्रत्येक आकडा खराच असावा. फक्त ऊस उत्पादक ज्याची वाट पाहत असतो, म्हणजे टनाला हातात किती आणि कधी, तेवढा आकडा तिच्यात नसावा. बाकी द्यायला पुष्कळ आहे. बॉयलर अग्निप्रदीपन, गव्हाणीत मोळी, साखर पोत्यांचे पूजन आणि ‘यांची प्रमुख उपस्थिती होती’च्या पुढे शक्य तितकी नावे. जितकी नावे, तितक्या घरांत तो अंक जपून ठेवला जातो. मथळा ‘विक्रमी गाळप’ असाच घ्यावा. किती टन गाळले हे कारखान्याचे यश. त्या टनाचे काय आले ही ज्याची त्याची खाजगी बाब.

विशेषणांत भूगोल सढळ हाताने वापरावा. प्रवरानगरचा कारखाना ‘आशियातील पहिला सहकारी’ म्हणून सर्वत्र सांगितला जातो. आंध्रात एटिकोप्पाका येथे सहकारी साखर कारखाना १९३०च्या दशकातच निघाला होता, पण ते पुरवणीत कोण तपासतो? खरे तर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरानगरला जे उभे केले, त्याला आशियाच्या शिक्क्याची गरज नव्हती. पण साध्या कर्तबगारीने चार कॉलम भरत नाहीत.

आकडा द्यावाच लागला तर तो मोठा दिसेल अशा जागी उभा करावा. याचे शिक्षण केंद्र सरकारकडून घ्यावे. २०१७-१८ साली साडेनऊ टक्के उताऱ्याला (म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) एफआरपी, अर्थात केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, क्विंटलमागे २५५ रुपये होती. पुढच्या हंगामाला ती २७५ झाली. वीस रुपये वाढ, म्हणजे टनाला दोनशे, मथळा तयार. त्याच वेळी पायाभूत उतारा मात्र दहा टक्क्यांवर नेला होता. आदल्या वर्षी वरच्या दर दशांश टक्क्याला २ रुपये ६८ पैसे जास्त मिळायचे. त्या हिशेबाने दहा टक्के उताऱ्याच्या उसाला २६८ रुपये ४० पैसे आधीच बसत होते. म्हणजे ऊस तोच, उतारा तोच आणि खरी वाढ ६ रुपये ६० पैसे. टनाला दोनशे नव्हे, सहासष्ट. पुढे २०२२-२३ला पाया सव्वादहावर गेला. यात खोटे कुणीच बोलले नाही. दहा टक्क्यांची अट जाहीर निवेदनात होतीच, मथळ्यात ती मावत नाही इतकेच. हाच धडा कारखान्याने गिरवावा. २०२४-२५ची एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,४०० रुपये होती. ती गेटवरची, तिच्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरेल ते शेतकऱ्याचे. तेव्हा गेटवरचा आकडा ठळक टाइपात घ्यावा आणि वजाबाकी बँकेच्या पासबुकावर सोपवावी. १९६६चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो की पैसे चौदा दिवसांत द्या, नाहीतर वर्षाला पंधरा टक्के व्याज. त्यावर ‘रक्कम टप्प्याटप्प्याने वर्ग करण्यात येत आहे’ हे वाक्य फार गुणकारी आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये राज्य सरकारने दोन हप्त्यांची मुभाच दिली होती. मार्च २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, तरी वाक्य अजून चालते.

पण बातमीदार विचारणार नाहीत का? तालुक्याच्या बातमीदाराला बहुधा पगार नसतो, जाहिरातीवर कमिशन असते. अध्यक्षांच्या वाढदिवसाचे पान त्यानेच आणायचे आणि थकबाकीचा प्रश्नही त्यानेच विचारायचा, ही सोय आपण केलेली नाही. वर्तमानपत्रांनीच ती करून ठेवली आहे. पेपर जाहिरातीशिवाय चालत नाही हे खरेच. पण जाहिरातीला ‘जाहिरात’ असे वर छापल्याने तिचे पैसे कमी होत नाहीत, एवढे उत्तर कुणी दिले तर विषय बदलावा. २००९च्या निवडणुकांनंतर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, सविस्तर अहवाल लिहिला. कौन्सिलने आधी त्याची आटोपशीर आवृत्तीच काढली. पूर्ण मजकूर २०११मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर बाहेर आला. धंद्यातल्या माणसाने या आटोपशीरपणापुढे हात जोडावेत. जिल्ह्याचा इतिहास मात्र जरा अडचणीचा आहे. ‘ज्ञानोदय’ १८४२मध्ये नगरातून निघाले आणि मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ नेवाशाच्या तरवडीसारख्या खेड्यातून कित्येक दशके चालवला. असा संपादक शुभेच्छांच्या जाहिरातीने आवरत नाही. सुदैवाने आता तसे संपादक फारसे आडवे येत नाहीत.

दुसरा आक्षेप संचालकच घेतील: सगळे वार्षिक अहवालात छापलेले असते, मग लपवले कुठे? बरोबर आहे. अहवाल सभासदाला मिळतो, सभेत ‘मंजूर, मंजूर’ होते आणि कायद्याचे समाधान होते. अहवालात असणे आणि माहीत असणे यांतल्या अंतरावरच तर आपला पगार निघतो.

तिसरा आक्षेप जड आहे. ऊस आता एकाच कारखान्याला बांधलेला नाही. शेजारी खाजगी कारखान्याचे गट ऑफिस उघडलेले असते आणि त्याची तोडणी टोळी फडात उतरायला तयार असते. आपण गाळलेला आकडा गावात रिकामा राहत नाही, चहाच्या टपरीवर भरला जातो, आणि तो नेहमी आपल्याला तोट्याचाच असतो. म्हणजे हातात पडणारा दर आणि तारीख पहिल्या ओळीत सांगणे कारखान्याच्याच फायद्याचे. या आक्षेपाला आमच्याकडे उत्तर नाही, उपाय आहे: शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येईल अशी व्यवस्था करावी. शेजारच्या कारखान्याच्या ग्रुपवर ती करता येत नाही, आणि बिलाच्या पावतीचा फोटो तिथे आधीच पोहोचलेला असतो.