डायरेक्टवाले मिस्त्री

तुळजापुरात पुजारी, आराधी आणि गोंधळी यांच्याइतकाच गरजेचा आणखी एक माणूस असतो. माहितीपुस्तिकेत मात्र त्याचा उल्लेख सापडत नाही. तो म्हणजे गाड्यांचं वायरिंग करणारा मिस्त्री. सोलापूर रोडला एखाद्या पत्र्याच्या टपरीत तो हमखास भेटतो. टपरीत दोन-तीन बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, भिंतीवर आई तुळजाभवानीचा फोटो, आणि फोटोभोवती उघडझाप करणारी दिव्यांची माळ. ही माळ उघडझाप करणारी म्हणून विकत घेतलेली नव्हती.

मिस्त्रींची हत्यारं म्हणजे पक्कड, काळी टेप आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प म्हणजे एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. एका वायरीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला अणकुची. शिकलेल्या पुतण्यानं मीटरही आणून दिलाय, पण तो पिशवीतून बाहेर निघत नाही. "मीटर काय, आकडा दाखवतंय. पेटून थोडंच दाखवतंय?" या युक्तिवादापुढे पुतण्या पुण्याला निघून गेला.

गाडी समोर येऊन उभी राहिली की मिस्त्री आधी बॉनेटकडे बघत नाहीत, गिऱ्हाइकाकडे बघतात. मग विचारतात, "ह्येला आधी कुणी हात लावलाय?" उत्तर काहीही आलं तरी "वाटलंच" म्हणतात. मग वायरींचा गुंता बाहेर ओढला जातो, चिमटा चासीला अडकतो, अणकुची चार ठिकाणी टोचून होते आणि शेवटी ते वाक्य येतं, ज्यासाठी लोक त्यांच्याकडे येतात आणि ज्यामुळे परत परत येतात: "डायरेक्ट करून देऊ का?"

बटण गेलं, डायरेक्ट. रिले गेला, डायरेक्ट. फ्यूज उडाला, तर दोन केसांएवढ्या तारा पिळून डायरेक्ट. त्यांनी डायरेक्ट केलेली एक जीप चावी काढून घेतली तरी चालू राहायची. मालक तक्रार घेऊन आले तेव्हा मिस्त्री थंडपणे म्हणाले, "बंद पडत होती म्हणून आणलीती ना?"

त्यांचा खरा हंगाम नवरात्रात. गावोगावच्या मंडळांची पोरं ज्योत न्यायला येतात. ज्योत घेऊन अनवाणी पळणारी पळतात. मागून टेम्पो येतो, आणि त्या बिचाऱ्या टेम्पोवर फोकस, पळत्या माळा, ॲम्प्लिफायर, पेटीएवढे स्पीकर असं सगळं एकाच बॅटरीवर लादलेलं असतं. घाट यायच्या आत काहीतरी जळतं. रात्री दीड वाजता पंधरा-वीस पोरं टपरीभोवती "आई राजा उदो उदो" म्हणत उभी राहतात आणि मिस्त्री टेम्पोखालून पाय बाहेर काढून विचारतात, "स्पीकर पायजे का हेडलाइट? दोन्ही नाय चालायचं." पोरं एकमेकांकडे बघतात. निकाल दर वर्षी स्पीकरच्या बाजूनं लागतो.

बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही, म्हणून मिस्त्री बॅटरीला भीत नाहीत. पण त्याच बॅटरीचे दोन खांब शॉर्ट झाले की शेकडो अँपिअर वाहतात आणि तार लाल होते. फ्यूज असतो तो त्यासाठी. गंमत म्हणजे हे तत्त्व त्यांना पूर्ण कळतं, फक्त तारेत नाही, पाण्यात. तालुक्यातल्याच नळदुर्गच्या किल्ल्यात आदिलशाहीच्या काळात बोरी नदीवर बांध घातलाय, आत पाणीमहाल आहे, आणि पावसाळ्यात जास्तीचं पाणी नर आणि मादी अशा दोन धबधब्यांनी बाहेर पडतं. एकदा तिथं एका बंद पडलेल्या जीपला फ्यूजच्या जागी तार पिळता पिळता ते धबधब्याकडे बघून म्हणाले, "डोकं बगा! जास्ती झालं तर बांध फुटू नये म्हणून वाट काढून ठेवलीय. न्हायतर आपली माणसं!"

अशा मिस्त्रींसमोर एका सकाळी होडी येऊन उभी राहिली.

उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात होडी म्हणजे हत्तीच आला. ट्रॉलीवरची फायबरची होडी, मागं इंजिन, पुढं हार. करमाळ्याकडचे एक मालक उजनीच्या फुगवट्यात हिवाळी रोहित पक्षी दाखवायचा धंदा सुरू करणार होते. गाडी घेतली की आधी तुळजापूर, तशी होडीही देवीच्या पायाशी आणली होती. नारळ फुटला, पण दिवे रुसले. "मिस्त्री, पाणी उपसायचा पंप लावला की दिवे झोपायलेत."

"ह्येला आधी कुणी हात लावलाय?"

"नवीन हाय हो."

"वाटलंच."

मिस्त्रींनी चिमटा काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो कुठं लावायचा हे त्यांना सुचेना. जीपला, ट्रॅक्टरला लोखंडी अंग असतं. दिव्याला एकच तार न्यायची, करंट चासीतून आपोआप बॅटरीला परत येतो. फायबरमधून करंट परत येत नाही. तिथं जायला एक आणि यायला एक, अशा प्रत्येक दिव्यामागं दोन तारा लागतात. मिस्त्रींनी होडीला बोटांनी वाजवून बघितलं, खालून वाकून बघितलं. "मालक, ह्येला अर्थिंगच न्हाई. फशिवलं तुमाला."

मग त्यांना ट्रॉली दिसली. बॅटरीच्या काळ्या खांबापासून जाड वायर ट्रॉलीला, दिव्यांची आणि पंपाची परतीची तार ट्रॉलीला. पंप लावला. डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा दिवा लखलखला. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "मधी एक निळा टाकू का? पळता?" मिस्त्रींनी विचारलं.

मालक शांतपणे म्हणाले, "झकास. पर पाण्यात सोडताना ट्रॉली खाली राहती की."

मिस्त्री बराच वेळ गप्प बसले. टपरीतलं पोरगं हसलं, त्याला चहा आणायला पाठवलं. आणि इथं मात्र त्यांचा मान ठेवायला हवा. डायरेक्ट देऊन दिवे पेटले, म्हणजे दिवे चांगले, पंप चांगला, बॅटरी चांगली. खोट परतीच्या वाटेतच. कुणी न बघता त्यांनी पुतण्याचा मीटर काढला. पंप चालू असताना बॅटरीवर साडेबारा, दिव्यापाशी जेमतेम नऊ. फळी उचकटली. खाली सगळ्या काळ्या तारा एकत्र येतात तो जोड हिरवागार कळकलेला होता. तांबं आणि ओल. होडीला कल्हई केलेली तार वापरतात ती याच दुखण्यावर, आणि बनवणाऱ्यानं तिथंच पैसे वाचवले होते. जोड कापला, नवा केला, सोल्डर मारलं, वर ग्रीस थापलं. खूश होऊन स्वतःच्या मनानं आरतीचा हॉर्नही बसवला. तो बॅटरीवर वाजवून दाखवला, तेवढ्यात ज्योतीचा टेम्पो आला, म्हणून हाताला आली ती तार जोडून टेप गुंडाळली.

पंधरा दिवसांनी फोन आला. "मिस्त्री, काय केलंय ह्ये? रात्री दोन वाजता हॉर्न आपसुक वाजायला लागला. सगळी वस्ती उठली!"

मिस्त्रींनी फोनवर हात ठेवला. "कुठं जोडलाता रं?"

"पंपाच्या वायरीला," पोरगं म्हणालं. पंप तरंगत्या बटणावरचा. आत पाणी चढलं की बटण वर उचललं जातं आणि पंप चालू होतो.

"मालक, होडीत पाणी शिरलंतं का?"

"शिरलंतं की! बूच निघालंतं खालचं."

"मग! त्याच्यासाठीच लावलाय त्यो," मिस्त्री म्हणाले, "आन् त्याचे पैसे ऱ्हायलेत बरं का तुमच्याकडं."