सत्तर दिवसांचं सुतक

२६ जून २००९, शुक्रवार. कामोठ्यात आमच्या इमारतीला तेव्हा पहाटे पाचला पाणी यायचं आणि पावणेसहाला जायचं. त्या वर्षी पावसानेही ओढ दिलेली. अशा दिवसांत भरता नळ सोडून माणूस शेजारी धावला, तर कारण मयताचंच असणार. शेजारच्या वहिनी दार अर्धं लोटून म्हणाल्या, "भावजी, जरा येता का? ह्यांच्यातलं कुणीतरी गेलंय."

मी ओल्या पायांनी तसाच गेलो. गृहस्थ भिंतीला टेकून बसलेला. बनियन, लुंगी, डोळे लाल. रीतीप्रमाणे मी शेजारी टेकलो, खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ गप्प राहिलो. मग हळूच विचारलं, "कोण रे?"

त्याने टीव्हीकडे बोट केलं. पडद्यावर मायकल जॅक्सन नाचत होता आणि खालून बातमीची पट्टी सरकत होती.

खांद्यावरचा हात काढायचा की ठेवायचा, हे माझं अजून ठरलेलं नाही.

आमच्या सेक्टरात त्याला मायकलभाऊ म्हणतात. खरं नाव विजेच्या बिलावर असतं. मशीद बंदरला सुक्यामेव्याच्या पेढीवर तो हिशेब लिहितो. सकाळी मानसरोवर स्टेशनातून हार्बरची गाडी पकडायची, रात्री तिथेच उतरायचं आणि खाडीच्या वाऱ्यात भांग विस्कटत घरी यायचं. पोट सुटलेलं, डोळ्यांना चष्मा, हातात डब्याची पिशवी. यात मायकल कुठे, असं विचाराल तर तो पायांत आहे. लिफ्टची वाट बघताना भाऊची टाच आपोआप उचलली जाते. रांगेत पुढचा माणूस सरकला की हा मागे सरकतो.

जन्म लालबागच्या चाळीतला, बाप गिरणीत. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि त्याच वर्षाअखेरीस 'थ्रिलर' निघाला. भाऊच्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एकाच कप्प्यात आहेत. बाप घरी बसला आणि पोरगा नाचायला लागला. मायकलने १९८३ मध्ये टीव्हीवर पहिल्यांदा मूनवॉक केला. तो व्हिडिओ कॅसेटवरून चाळीत पोचला तेव्हा भाऊने गॅलरीत तालीम सुरू केली. खाली शहाबादी फरशी, पायांत शाळेचे मोजे आणि फरशीवर कॅरमची पावडर. एका पायाची टाच उचलून सगळा भार चवड्यावर घ्यायचा, दुसरा पाय सपाट ठेवून मागे ओढायचा, की लगेच पायांची अदलाबदल. बघणाऱ्याला वाटतं माणूस पुढे चाललाय. माणूस जात असतो मागे. तिसऱ्या दिवशी शेजारची मावशी हंडा घेऊन त्या पावडरीवरून अशीच गेली. बापाने पट्टा काढला. मूनवॉक तेव्हापासून फक्त गणपतीत.

गाण्यांचे शब्द भाऊला आजवर कळलेले नाहीत. कानाला जे लागतं ते तो म्हणतो. ते इंग्रजी नसतं, मराठीही नसतं. पण सुरात असतं आणि कुठे अडखळत नाही. माझ्या मुलाने एकदा अर्थ सांगायला सुरुवात केली, तर भाऊने हात वर केला. "नको. रुद्राचा अर्थ विचारतं का कुणी?"

१ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकल आला, तेव्हा भाऊ तेवीस वर्षांचा होता. कार्यक्रम शिव उद्योग सेनेचा, मराठी तरुणांच्या रोजगारासाठी. भाऊ मराठी होता, तरुण होता, बेरोजगार होता. म्हणजे कार्यक्रम त्याच्याचसाठी होता. तिकीट तेवढं त्याच्यासाठी नव्हतं. तो मैदानाबाहेर उभा राहिला आणि भिंतीपलीकडून जेवढं आलं तेवढं ऐकलं. हे तो लपवत नाही. "पंढरपूरला तरी सगळे आत जातात का? कळस दिसला, झालं."

त्या वेळचं एक दृश्य मात्र त्याला तोंडपाठ आहे. विमानतळावर सोनाली बेंद्रेने नऊवारी नेसून मायकलला कुंकू लावलं, ओवाळलं. पुढे तो 'मातोश्री'वरही जाऊन आला. भाऊचं म्हणणं सरळ आहे : "आपल्या बाईने ओवाळून आत घेतलेला माणूस परका कसा?" त्या कार्यक्रमाच्या करमणूक कराचं भिजत घोंगडं सरकारने २०२१ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाच्या बैठकीत वाळत घातलं. सरकारला चोवीस वर्षं विसरता आलं नाही, तिथे भाऊची काय कथा!

तर मयताकडे येऊ. सात वाजेपर्यंत बातमी सगळ्या मजल्यांवर गेली. कामोठ्याचा मोठेपणा असा की कुणी हसलं नाही. साताऱ्याचे, कोकणातले, लालबाग-परळमधून उठून आलेले, सगळे हप्ते भरणारे लोक. सातासमुद्रापलीकडचा गाणारा गेला तर काय करायचं, याची रीत आमच्याकडे नाही. चुलता गेला तर काय करायचं, याची आहे. तीच वापरली गेली. सव्वासातला खालून चहाचा थर्मास आला. दुपारी दोन घरांतून पिठलं-भात आला, कारण आज यांची चूल कशी पेटणार? दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर टोपी काढून सतरंजीवर बसले आणि शास्त्राप्रमाणे विचारपूस सुरू झाली.

"कधी झालं?"

"आपल्या घड्याळात तीनला चार कमी. पहाटे."

"काय निमित्त?"

"हार्ट. डॉक्टर घरातच होता."

"घरात डॉक्टर असून! वय?"

"पन्नास पुरं. एक्कावन्नावं चालू."

"हे काय जायचं वय! मागे कोण?"

"आई आहे, वडील आहेत. तीन मुलं. बारा, अकरा आणि सात."

"आईबापांच्या देखत..." मास्तरांनी पंच्याने डोळे पुसले. "भावंडं किती?"

"दहा झाली. हा आठवा."

आतून भाऊची आई म्हणाली, "आठवा? देवकीचाही आठवाच."

म्हातारीला अडचण वेगळीच होती. टीव्हीवर सकाळपासून दोन माणसं दाखवत होते. एक कुरळ्या केसांचा सावळा पोरगा आणि एक पांढराफटक बाप्या. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "दोघं गेले का रे?"

"एकच, आई. त्याला कोड होतं."

"अगं बाई! आणि मेले लोक म्हणायचे, पैसे देऊन गोरा झाला." तेव्हापासून ती मायकलच्या बाजूने आहे. पुढच्या वर्षी शवचिकित्सेचा अहवाल बाहेर आला, त्यात कोडच निघालं. भाऊने ते कात्रण आधी म्हातारीला वाचून दाखवलं.

कुणीतरी कोर्टकचेरीचा विषय काढला. मास्तरांनी दटावलं, "मयताच्या घरी कोर्टाचं काढत नाहीत." मग स्वतःच आवाज खाली आणून विचारलं, "कर्ज वगैरे?"

पुढे पेपरांनी चाळीस कोटी डॉलरच्या वरचा आकडा छापला. मास्तरांचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स थकला होता. आकडा ऐकून त्यांचा चेहरा फार दिवसांनी मोकळा झाला. "एवढा मोठा माणूस! त्यालाही हप्ते सुटले नाहीत."

भाऊने पेढीवर फोन केला. "घरात मयत झालंय." शेठ भला माणूस, त्याने नाव विचारलं. भाऊने सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग शेठ म्हणाला, "तुमच्यात किरिस्तावही आहेत होय? बरं, सोमवारी ये."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पेच पडला तो पुढे. भाऊने सुतक धरलं होतं. म्हणजे दाढी नाही, देवाला हात नाही, मासळी तर नाहीच. आषाढ लागलेला असताना शुक्रवारचा बांगडा सोडणं ही श्रद्धांजली थोडी नव्हे. पण सुतक फिटायला आधी अंत्यविधी व्हावा लागतो आणि तिकडे तो होईचना. ७ जुलैला लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये शोकसभा झाली. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते आणि आमचा मजला भाऊच्या घरात होता. अमेरिकेच्या तारखेने तो बरोबर तेरावा दिवस, आपल्या तारखेने बारावा. यावर मास्तर आणि भाऊ यांच्यात जो वाद झाला, त्यात अर्धी शोकसभा निघून गेली. शिवाय तो दिवस गुरुपौर्णिमेचा. भाऊने सकाळीच फोटोला हार घातला होता. त्या रात्री पडद्यावर सोनेरी शवपेटी सगळ्यांनी पाहिली. लेक माइकसमोर बापासाठी रडताना पाहिली. आमच्याकडच्या बायकाही रडल्या. एवढं होऊन दफन झालंच नाही.

"देह अजून वर आहे," भाऊ म्हणायचा, "सुतक कसं फिटेल?"

जुलै गेला. दाढी छातीकडे निघाली. हार्बरच्या गाडीत त्याला बसायला जागा मिळू लागली. लोक "बाबा, या" म्हणून सरकायचे. पेढीवर गिऱ्हाईक आधी त्याच्या पाया पडून मग बदामाचा भाव विचारू लागलं. शेठने त्यात नफा पाहिला आणि दाढीबद्दल अवाक्षर काढलं नाही. पण ऑगस्टात वहिनी माझ्याकडे आल्या, त्या रडकुंडीला येऊन. "भावजी, तेवीस तारखेला गणपती. हे म्हणतात, घरात सुतक आहे, मूर्ती आणायची नाही. मी माहेरी काय सांगू? कोण गेलं म्हणून?"

मी समजावलं, मास्तरांनी समजावलं. भाऊ हलेना. शेवटी म्हातारी उठली. भांडी घासता घासता, हाताला राख तशीच, मधल्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"बाळ्या, दूरदेशी गेलेल्याचं सुतक कळल्या दिवसापासून दहा दिवस. देह कुठे का असेना. तुझं कधीच फिटलंय."

"आई, पण..."

"आणि तुझा बाप गेला तेव्हा चौथ्या दिवशी दाढी करून कामावर गेलास. खाडा पडेल म्हणून. तेव्हा दहा दिवस जमले नाहीत तुला."

एवढं बोलून ती परत मोरीकडे वळली. घरात नळाच्या थेंबाचा आवाज येत होता. भाऊ उठला, साबणाची वाटी घेऊन आरशासमोर बसला आणि बराच वेळ खाली मान घालून राहिला. दाढी काढायला त्याला तीन पाती लागली. बापाचे राहिलेले दिवस त्या दाढीत कुठेतरी होते, असं मला वाटून गेलं. म्हातारीला ते माझ्या आधी कळलं असावं, कारण तिने त्या संध्याकाळी त्याच्यासाठी गरम पाणी काढून ठेवलं, जसं स्मशानातून आलेल्यासाठी ठेवतात.

गणपती आला. घरचा पाच दिवसांचा, सोसायटीचा अनंत चतुर्दशीपर्यंतचा. ३ सप्टेंबरला, गुरुवारी, विसर्जनाची मिरवणूक निघाली. बेंजोवाल्यांना पोरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गेटाबाहेर पडल्या पडल्या त्यांनी कोळीगीत सोडून मायकलची चाल धरली, ढोलकी आणि ताशासकट. सगळे गोल करून उभे राहिले. भाऊने चष्मा काढून माझ्या हातात दिला. इन केलेला शर्ट, काळी पँट, पायांत पांढरे मोजे, बूट नाहीत. डांबरी रस्त्यावर कुणीतरी कॅरमच्या पावडरीचा अख्खा डबा उपडा केला.

आणि भाऊ चालू लागला. पोट होतं तिथेच होतं, पण खाली पाय कुणा दुसऱ्याचे. एक टाच वर, दुसरा पाय सपाट मागे. एक वर, एक मागे. गुलालातून दोन सरळ पट्टे उमटत गेले. मास्तर टाळ्या वाजवत होते. म्हातारी गॅलरीतून बघत होती. अडचण एकच होती. मिरवणूक जात होती पुढे आणि भाऊ जात होता मागे. ट्रॉली चौकात पोचली, बाप्पा वळले, बेंजो वळला आणि भाऊ डोळे मिटून उलट्या दिशेने पुन्हा सोसायटीच्या गेटात येऊन पोचला. वॉचमनने त्याला आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जनाच्या जागरणाने आम्ही सगळे आडवे होतो. वहिनींनी दार वाजवलं, "भावजी, टीव्ही लावा." लॉस एंजेलिसजवळ ग्लेंडेलच्या फॉरेस्ट लॉन दफनभूमीत मायकल जॅक्सनला अखेर मूठमाती मिळाली होती. भाऊने डोक्यावरून अंघोळ केली आणि बाजारात जाऊन शुक्रवारचे बांगडे आणले.

आता कुणीही गाणारा गेला की सेक्टरातले लोक आधी भाऊकडे येतात. २०२२ च्या फेब्रुवारीत नऊ दिवसांत लतादीदी आणि बप्पी लाहिरी गेले, तेव्हा दोन्ही वेळा चहाचा थर्मास त्याच्याच दारात आला. मास्तर विचारतात, "कधी झालं?" आणि भाऊ वेळ, वय, मागे कोण, सगळं सांगतो. सुतक मात्र धरत नाही. म्हणतो, "ते सगळ्या देशाचे होते. त्यांना माणसं आहेत."

मी हे सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, तारखा मी जुळवून घेतल्या. तशी गरजच पडली नाही. मायकल गेला २५ जूनला आणि जमिनीत गेला ३ सप्टेंबरला, तिकडच्या तारखेने सत्तर दिवसांनी. त्याच तारखेला आपल्याकडे अनंत चतुर्दशी होती. खोटं वाटत असेल, तर २००९ चं कालनिर्णय काढून बघा.