विमानाने प्रवास, रस्त्याने

प्रवासवर्णनातला प्रवासी कुठून तरी निघतो आणि कुठे तरी पोचतो. मॉडेल विमान जिथून उडतं तिथेच उतरतं, तेही वारा आणि नशीब दोन्ही बरे असतील तर. त्यामुळे त्याच्या प्रवासाचा हिशेब मांडताना डोक्यावरच्या घिरट्या मोजून भागत नाही. गाडीच्या सीटा पाडून, पंख ब्लँकेटात गुंडाळून कापलेलं अंतर धरावं लागतं. ब्रॅम्पटनमध्ये हे अंतर कायद्यानेच वाढवून ठेवलंय. शहराच्या आग्नेयेला, हद्दीजवळच टोरांटोचा पिअर्सन विमानतळ. उत्तरेला ब्रॅम्पटन-कॅलिडन विमानतळ, जो नाव ब्रॅम्पटनचं लावतो आणि राहतो कॅलिडनमध्ये. कॅनडात २५० ग्रॅमपासून २५ किलोपर्यंतच्या दूरनियंत्रित विमानाला नोंदणी लागते, उडवणाऱ्याला परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि मूलभूत प्रमाणपत्रावर विमानतळापासून ५.६ किलोमीटर दूर, जमिनीपासून १२२ मीटरच्या आत, परक्या माणसापासून ३० मीटर राखून उडवावं लागतं. नकाशावर ही वर्तुळं काढून पाहिली की मोकळं आकाश सापडेपर्यंत मक्याची शेतं लागतात. गंमत म्हणजे त्या उत्तरेकडच्या विमानतळावरच ग्रेट वॉर फ्लाइंग म्युझियम आहे. तिथे पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या पूर्ण आकाराच्या, उडणाऱ्या प्रतिकृती आहेत. म्हणजे मॉडेलंच की! पण आत माणूस बसतो, म्हणून त्यांना थेट धावपट्टी मिळते. तेव्हा माझं म्हणणं असं की ब्रॅम्पटनचं मॉडेल विमान हे मुख्यतः रस्त्यावरचं वाहन आहे, आणि हे ज्याला मनापासून मान्य आहे त्यानेच पेट्रोल इंजिन घ्यावं. हवेतल्या पंधरा मिनिटांसाठी ते घेणारा माणूस पहिल्याच महिन्यात चिडतो.

या प्रवासातला पहिला मुक्काम पेट्रोल पंप. ऑन्टारिओत २०२० मध्ये साध्या पेट्रोलात सरासरी दहा टक्के इथेनॉल सक्तीचं झालं. भारतात वीस टक्क्यांपर्यंत पोचलेल्या वाचकाला यात तक्रार करण्यासारखं काही दिसणार नाही, पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि कार्ब्युरेटरच्या नाजूक पडद्याला फार दिवस सोसत नाही. म्हणून जाणकार कमीत कमी इथेनॉलचं, महागातलं पेट्रोल शोधतात. गाडीत स्वस्त, विमानात महाग. मग त्यात टू-स्ट्रोकचं तेल: बत्तीसास एक हे प्रमाण धरलं तर चार लिटरला १२५ मिलिलिटर. इथे मराठी माणूस, त्यातही पन्नाशी ओलांडलेला, एकदम घरच्यासारखा वागू लागतो. पंपावर ‘ऑइल टाकून’ पेट्रोल घेण्यात, प्लग काढून फुंकण्यात, चोक ओढण्यात आणि सकाळी स्कूटर एका अंगाला कलती करून तिची मनधरणी करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेलेली असतात. मॉडेलातलं पन्नास सीसीचं इंजिन म्हणजे सव्वादोन मीटर पंखांना जोडलेली लुना. फरक इतकाच, की लुनेचं चाक बोटं कापत नव्हतं.

बोटांचा विषय निघाला म्हणून इंजिन बसवणं आणि सुरू करणं नीट सांगायला हवं, कारण मैदानावरचा निम्मा दिवस इथेच जातो. पेट्रोलवरची छोटी इंजिनं १९३०च्या दशकात बाजारात आली. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग आला आणि सगळे मिथेनॉलकडे वळले. पुढे पेट्रोल परतलं ते करवतीच्या वाटेने. लाकूडतोड्याचं इंजिन आडवं, उभं, उलटं, कसंही धरलं तरी चालावं लागतं, म्हणून त्याच्या कार्ब्युरेटरमध्ये तरंगता गोळा नसतो, पडद्याचा पंप असतो. झाड पाडणाऱ्याची ही सोय विमानाला कोलांट्या मारायला आयती मिळाली. पण बाकीची सोय आपण करायची. मिथेनॉलसाठी वापरतात ती सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगते, म्हणून पेट्रोल सोसणारी वेगळी नळी घ्यायची. टाकीचं बूचही तसंच. ठिणगी देणारी इग्निशनची पेटी रिसीव्हरपासून निदान फूटभर लांब बसवायची, नाहीतर ती रेडिओच्या कानात कुजबुजत राहते. तिचा स्विच असा जोडायचा की ट्रान्समीटरवरूनही ठिणगी बंद करता येईल. मग शेपूट कुणीतरी घट्ट धरायची, हातात जाड मोजा चढवायचा आणि पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणालाही उभं राहू द्यायचं नाही, सल्ला देणाऱ्यांना तर मुळीच नाही. ठिणगी बंद ठेवून, चोक लावून काही टिचक्या; नळीतून पेट्रोल चढलेलं दिसलं की ठिणगी चालू; पुन्हा टिचक्या, तो एक ‘फट्’ येईपर्यंत. त्या फट्नंतर चोक काढायचाच. हा क्षण हुकला की इंजिन पेट्रोल पिऊन तर्र होतं, आणि पुढचा अर्धा तास प्लग वाळवण्यात व तत्त्वचिंतनात जातो. सुरू झालं की दोन सुया: एक मंद गतीची, एक पूर्ण गतीची. दोन्ही आधी साधारण दीड आटा उघडून, मग आठव्या हिश्श्याने फिरवत कानाने जुळवायच्या. नवं इंजिन थोडं पेट्रोल जास्त देऊनच चालवायचं. घाईने सुई आवळणाऱ्याचं विमान वर छान गातं आणि मग अचानक गप्प होतं.

यावर कुणीही समंजस माणूस विचारेल, की एवढ्या कटकटीपेक्षा बॅटरी का नाही? छोट्या विमानासाठी बॅटरीच घ्यावी, यात वाद नाही. पण मोठ्या विमानाच्या बॅटऱ्या महाग, शेतात त्या पुन्हा भरायला वीज नाही, आणि ब्रॅम्पटनच्या थंडीत त्या माणसांसारख्याच आखडतात. इथली मंडळी हिवाळ्यात विमानाची चाकं काढून स्की लावतात, त्यामुळे हा मुद्दा पुस्तकी नाही. अर्थात थंडी पेट्रोललाही सोडत नाही. उणे पंधरा अंशांची हवा तीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १७ टक्के दाट असते. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त हवं. म्हणून जुलैत जिवापाड जुळवलेली सुई जानेवारीत पुन्हा उघडावी लागते, आणि तीही मोजा काढून. बॅटरीवाला हा दोष म्हणून सांगतो. माझ्या मते तोच पुरावा आहे: ज्या यंत्राला ऋतू कळतो ते यंत्र माणसाला मैदानावर थांबवून ठेवतं. बॅटरीवाला चार उड्डाणं करून जेवायला घरी जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मॉडेल विमान खरा प्रवास करतच नाही, हे खोटं असल्याचं कॅनडाच्याच भूमीवरून सिद्ध झालंय. ऑगस्ट २००३ मध्ये मेनार्ड हिल यांचं मॉडेल न्यूफाउंडलंडच्या केप स्पियरहून निघालं आणि साधारण ३९ तासांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. तीन हजारांवर किलोमीटर, वजन पाच किलोच्या आत, इंधन कंदिलात घालतात ते, गॅलनभराहून कमी. हिल तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. त्याही मागे जाऊ. राइट बंधूंच्या दोन वर्षं आधी, जून १९०१ मध्ये, अमेरिकी संशोधक लँग्ली यांचं पाव आकाराचं मॉडेल पेट्रोलवर उडालं. माणूस बसवलेलं पूर्ण आकाराचं १९०३ मध्ये दोनदा पोटोमॅक नदीत गेलं. इथे एखादा मुंबईकर हात वर करून शिवकर बापूजी तळपदे आणि त्यांचं १८९५चं चौपाटीवरचं विमानोड्डाण काढणार, हे गृहीत धरलंय. त्या उड्डाणाचा भरवशाचा पुरावा मिळत नाही, आणि ज्या ग्रंथाचा आधार देतात त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलंय. शिवाय तळपद्यांच्या विमानात पारा वापरला असं सांगतात. तो ब्रॅम्पटनच्या पंपावर मिळत नाही. राहिले हिल. त्यांचं उड्डाण खरं, पण तो अपवाद घडवायला आधीची कित्येक विमानं आणि वर्षं जमिनीवर खर्ची पडली. म्हणजे तिथेही हिशेब माझ्याच बाजूने झुकतो.

उरतो आवाज. ब्रॅम्पटनने २०२२ मध्ये घरगुती फटाक्यांनाच बंदी केली, तेव्हा मागच्या अंगणात पन्नास सीसीचं इंजिन तापवून बघण्याचा विचार करू नये. डोक्यावरून पिअर्सनला उतरणारी जंबो विमानं शेजाऱ्याला ऐकू येत नाहीत, पण तुमचं ‘फट्’ येतं. मैदानावरून परतल्यावर मात्र एक काम अंगणातच करावं लागतं. उरलेलं पेट्रोल टाकीत ठेवायचं नाही, इथेनॉलमुळे. आणि तेल मिसळलेलं असल्याने ते गाडीलाही चालत नाही. ते जातं गवत कापायच्या ट्रिमरमध्ये. तोच टू-स्ट्रोक, त्याच जातीचा कार्ब्युरेटर, तोच धूर, तोच कर्कश आवाज. शनिवारी संध्याकाळी तासभर तो चालवला तरी शेजारी कुंपणावरून हात हलवून हसतो, आणि त्याच्या बाजूची कडही कापून देणार का, असं विचारतो.