आम्ही, मुंबईचे पुरवठादार

दर पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक आनंदाची बातमी येते: तानसा भरून वाहू लागला. सोबत १२८.६३ मीटर हा पातळीचा आकडा असतो, ओसंडून पडणाऱ्या पाण्याचा फोटो असतो आणि सात तलावांचा तक्ता असतो. एकूण साठवण क्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, आज किती टक्के, गेल्या वर्षी याच दिवशी किती टक्के. आम्ही शहापूर तालुक्यातली माणसं हा तक्ता मोठ्या भक्तिभावाने वाचतो. आमच्या दारातल्या धरणात किती पाणी आहे, हे आम्हाला मुंबईत छापलेल्या कागदावरून कळतं. आमच्या विहिरींचा तक्ता कुठे छापून येत नाही. मार्चनंतर त्यात छापण्यासारखं काही उरतच नाही, हे मान्य करायला हवं.

हल्ली आमच्याकडे ‘सप्लाय चेन’ हा शब्द फार बोकाळला आहे. भिवंडी-पडघ्यापासून निघालेली गोदामं नाशिक महामार्गाच्या कडेकडेने सरकत वाशिंद-आसनगावला टेकली आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही खुला झाला, ५ जून २०२५ रोजी. त्या दिवशी जागतिक पर्यावरण दिन होता. असा मुहूर्त काढायला साधा भटजी चालत नाही, त्याला मंत्रालयच लागतं.

तर या गोदामवाल्या कंपन्यांमागे सध्या ‘शाश्वतता’ लागली आहे. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांनी पर्यावरणाचा हिशेब अहवालात मांडलाच पाहिजे, असं सेबीने २०२२-२३ पासून सक्तीचं केलं. कंपनी मग आपल्या पुरवठादाराला प्रश्नावली पाठवते: माल कशाने आणता, धूर किती सोडता, नासाडी किती करता, तुमच्याकडच्या माणसांचं बरं चाललंय ना? आमच्या ओळखीचा एक खोकी बनवणारा ही प्रश्नावली भरताना घामाघूम झाला होता. त्याला मदत करता करता आमच्या ध्यानात आलं की, अरे, पुरवठादार तर आपणही आहोत! ग्राहक मुंबई, माल पाणी, धंदा १८९२ पासून. तानसा, मोडकसागर, भातसा ही सगळी आमचीच दुकानं. आणि एवढ्या काळात ग्राहकाने आम्हाला एकसुद्धा प्रश्नावली पाठवलेली नाही. म्हणून आम्ही ती आपणहून भरून देत आहोत. हरित पुरवठा साखळीचा एखादा पुरस्कार शिल्लक असेल तर विचार व्हावा.

वाहतुकीपासून सुरुवात करतो, कारण तिथे आमचा हात कुणी धरू शकणार नाही. तानसाचं पाणी शंभरेक किलोमीटर जातं ते निव्वळ उताराच्या बळावर. पंप नाही, डिझेल नाही, चालक संपावर जाण्याची भीती नाही. पावणेतीन किलोमीटर लांबीचा तो दगडी बांध इंग्रजांनी अशा उंचीवर घातला की पुढचं काम पृथ्वीच्या ओढीने फुकट करावं. (भातशाचं पाणी मात्र नदीने पिशाला येतं आणि तिथून पंपाने उचलावं लागतं. पुरस्कार समितीने हा कंस वाचला नाही तरी चालेल.)

वेष्टनाचा प्रश्न तर निकालातच निघाला आहे. आम्ही माल सुटा देतो. मुंबईत घरगुती वापराला तो हजार लिटरमागे सहा-सात रुपयांत पडतो. आता तिथल्या काही मंडळींना त्यावर विश्वास नसतो आणि ती वीसेक रुपयांची बाटली घेतात, पण तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे. ही मंडळी शनिवार-रविवारी माहुलीच्या पायथ्याला नाहीतर तानसाच्या काठाला येतात आणि रिकाम्या बाटल्या इथेच ठेवून जातात. तज्ज्ञ याला उलटी पुरवठा साखळी म्हणतात म्हणे. आमच्या पाड्यांवरच्या बाया पहाटेच्या कसारा लोकलने पळसाच्या पानांचे भारे दादरच्या फुलबाजारात नेतात. तिथे त्यात गजरे बांधून मिळतात, आणि ते पान दोन दिवसांत सुकून मातीत जातं. बाटली जात नाही. देवाणघेवाण अशी आहे.

शेवटच्या टप्प्यावर मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या क्षेत्रात आम्ही जगाच्या पुढे आहोत. मोठमोठ्या कंपन्या ‘लास्ट माइल’वर डोकं आपटत बसल्या आहेत, गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत धूर न सोडता माल पोचवायचा कसा? आमच्या पाड्यांवर ही सेवा पूर्वीपासून आहे. डोक्यावर दोन हंडे, कमरेला कळशी, पायात असेल ते. इंधन भाकरी. सुट्टी नाही, पगार नाही, त्यामुळे पगारवाढीचाही प्रश्न नाही. शिवाय हंडा पिढ्यान् पिढ्या तोच वापरला जातो, म्हणजे पुनर्वापरही झाला.

विहिरी आटल्या की टँकर येतो. तो असा एकदम येत नाही. आधी टंचाई आराखडा होतो, मग ग्रामपंचायतीचा ठराव, मग प्रस्ताव, मग विहीर खरोखर कोरडी आहे का याची पाहणी. साहेब येऊन विहिरीत वाकून बघतात. विहीर त्यांना प्रतिसाद देत नाही, तेव्हा अहवाल अनुकूल जातो. मंजुरी येईपर्यंत झिऱ्याकाठी वाटीवाटीने हंडा भरायचा, हे आमचं हंगामी साठा-व्यवस्थापन. अखेर टँकर येतो आणि आणलेलं पाणी त्याच कोरड्या विहिरीत ओततो! कारण पाड्यावर टाकी नसते, किंवा असते पण गळकी असते. तापलेला तळ आधी आपला वाटा पिऊन घेतो. उरलेलं गढूळ पाणी बाया पोहऱ्याने पुन्हा वर काढतात. पाणी आधी दूरवरून आणायचं, मग खोल टाकायचं, मग हाताने उपसायचं. या व्यवस्थेला तोड काढून दाखवा. जलजीवन मिशनमुळे आता पाड्यापाड्यावर नळही आले आहेत. ज्यांत पाणी येत नाही असे कितीतरी आहेत, आणि ते अजिबात गळत नाहीत.

आता नासाडी. हा प्रश्न आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी जातं. म्हणजे ३८५ कोटी लिटर. गळती आणि चोरीत त्याचा पाव हिस्सा जातो की तिसरा, हे वर्षागणिक आणि सांगणाऱ्यागणिक बदलतं. आपण ग्राहकाची अब्रू राखून पावच धरू. ९६ कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरांत मोजलं तर ९६ हजार टँकर, दररोज, जमिनीखाली किंवा कुणाच्या तरी खिशात. आमच्या अख्ख्या तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन लाखांवर होती. आज साडेतीन लाख धरा. खेड्यातल्या माणसाला सरकारी मापाने दिवसाला ५५ लिटर पुरतात (शहरातल्या माणसाला १३५, त्याला धूळ जास्त लागत असावी). गुणाकार केला तर जेमतेम दोन कोटी लिटर होतात. तालुक्याचा सगळा उन्हाळा मुंबईच्या रोजच्या मालातल्या अर्ध्या टक्क्यात बसतो, आणि तिथे गळतंच याच्या अठ्ठेचाळीसपट.

हिशेब ऐकून कुणी म्हणेल, मग गळती थांबवा. थांबा! गळतीला नावं ठेवण्याआधी जलवाहिनीच्या कडेने एक चक्कर मारा. वाटेवरच्या काही गावांना मुंबई महापालिका रीतसर पाणी देते, त्याबद्दल तिचे आभार. बाकीच्यांची योजना म्हणजे व्हॉल्व्ह. तिथून टिपटिप गळणाऱ्या पाण्याखाली हंड्यांची रांग असते, कपडे धुतले जातात, म्हशीही उरकून घेतात. नासाडी रोखण्याची मोहीम निघाली की पहिला पाना याच व्हॉल्व्हवर पडायचा, अशी आम्हाला धास्ती आहे. तो उघड्यावर आहे आणि त्याच्या बाजूने बोलायला वकील नाही. मुंबईतली गळती रस्त्याच्या पोटात. ती शोधायची तर काँक्रीट फोडावं लागतं.

त्यापेक्षा नवं धरण सोपं. वाडा तालुक्यात, तानसा अभयारण्याच्या हद्दीत, महापालिका गारगाई धरण बांधायला निघाली आहे. त्यातून रोज ४४० दशलक्ष लिटर मिळतील. वर पाव हिस्सा धरलेल्या गळतीच्या निम्मेसुद्धा नाहीत. त्यासाठी जाणारी झाडं लाखांत मोजायची आहेत. म्हणजे फुटकी घागर भरेना म्हणून आणखी एक ओढा तोडून तिच्यात वळवायचा. शेजारच्या मुरबाडकरांना यातलं काही नवीन नाही. त्यांच्याकडे बारवी आहे ती एमआयडीसीची, आणि काळू धरण त्यांनी २०१२ मध्ये उच्च न्यायालयातून अडवून ठेवलं. पुरवठादाराने ऑर्डर नाकारल्याचं आमच्या माहितीतलं हे दुर्मीळ उदाहरण.

आम्हाला मात्र नाकारण्याची सवय नाही, म्हणून शासनाने आमच्यासाठी वेगळी सोय काढली आहे. शहापूरच्या गावपाड्यांना पाणी आणायचं ते इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून. उशाला तानसा, पायथ्याला भातसा आणि आमचं पाणी येणार घाट उतरून, नाशिक जिल्ह्यातून. तेही उतारावरूनच, त्यामुळे पर्यावरणाला धक्का नाही. भावली गोदावरीच्या खोऱ्यात पडते, म्हणजे मराठवाड्याचाही त्या पाण्यावर डोळा असणार. शिवाय उन्हाळ्यात इगतपुरीच्या पाड्यांवरही टँकर फिरतात. उद्या तिथल्या बाया धरणाच्या भिंतीवर येऊन उभ्या राहिल्या आणि हे पाणी कुठे चाललंय म्हणून विचारू लागल्या, तर काय सांगायचं? ग्राहक म्हणून आम्ही अगदीच नवखे आहोत. मुंबईकडे या प्रश्नाची सव्वाशे वर्षांची तयार उत्तरं असतील. त्यांतली दोन-चार तरी जलवाहिनीतून उलट्या दिशेने पाठवून द्यावीत. वरच्या अंगाला चढवायला पंप लागला, तर तेवढा धूर आम्ही आमच्या नावावर लिहून घेऊ.