दाजी, जरा बाजूला सरका!

बीड जिल्ह्यात शत्रू ओळखायला फार अक्कल लागत नाही. डोकं खाजवावं लागतं ते आपली माणसं मोजताना. राघोबादादांनी 1762 मध्ये निजामाची मदत घेऊन आळेगावला सख्ख्या पुतण्याला, म्हणजे थोरल्या माधवरावांना, नमवलं. वर्ष उलटायच्या आत, 10 ऑगस्ट 1763 ला, हेच काका-पुतणे आमच्या गेवराई तालुक्यातल्या राक्षसभुवनला एका बाजूनं त्याच निजामाच्या फौजेशी लढले आणि जिंकलेही. पुढं 2019 च्या विधानसभेला परळीत चुलत बहीण-भाऊ आणि बीडमध्ये काका-पुतणे समोरासमोर. असल्या मातीत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' रुजायला इतका उशीर का झाला, कळत नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 1974 साली अमेरिकेत काढलेला हा खेळ. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. एकानं गोष्ट सांगायची आणि निवाडा करायचा, बाकीच्यांनी फासे टाकायचे. टोळीनं मिळून राक्षस मारायचे. मिळून, असं पुस्तकात लिहिलंय.

धोंड्याच्या महिन्यात लेक-जावई अंबाजोगाईला आले, पुण्याहून भाचाही टपकला. निवाड्याला लेक बसली. तिनं चौकटीच्या कागदावर आमचा हत्तीखाना काढला: शिवलेणीचं अंगण, दगडी हत्ती, आत खांब. एक चौकट म्हणजे पाच फूट. शेंगदाणे म्हणजे गॉब्लिन. मी योद्धा, म्हणून बुद्धिबळातलं प्यादं. जखमा बऱ्या करणारे धर्मगुरू जावईबापू. त्यांना मानाची सुपारी.

सहा शेंगदाण्यांनी सुपारीला हत्तीपाशी घेरलं. मी सोडवायला निघालो तेवढ्यात भाचा म्हणाला, "मी फायरबॉल टाकलाय. दाजी, जरा बाजूला सरका!"

वाक्यांचा क्रम बघा.

फायरबॉलची त्रिज्या वीस फूट, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ चौकटी. लेकीनं वाटी उपडी घालून दाखवलं. आत सहा शेंगदाणे, एक सुपारी आणि कडेला मी. आठ फाशांची बेरीज आली 31. अंग चोरून वाचता येतं का, ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. मी वाचलो, निम्म्यावर भागलं. जावईबापूंना पडले तीन.

"तुम्ही आडवे," लेक नवऱ्याला म्हणाली. आवाजात कसलीही हळहळ नव्हती.

भाच्यानं वकिली सुरू केली. जुन्या नियमांत यापेक्षा वाईट होतं म्हणे: बंद जागेत फायरबॉल दहा फुटी 33 खोक्यांएवढी जागा भरायचा, आणि जागा कमी पडली की उरलेली आग टाकणाऱ्याकडंच उलटायची. वीजही भिंतीवर आपटून माघारी यायची. (33 चा आकडा अमेरिकेतल्या माणसाला कुठून सुचला, देव जाणे. आमच्याकडं अधिकात जावयाला अनारसे तेवढेच देतात.) लेकीनं पुस्तक उघडून त्याच्यापुढं धरलं. 2014 च्या नियमांत एका पंथाच्या मांत्रिकाला आपली माणसं आगीतून वगळायची विद्या मिळते. तो पंथ का घेतला नाहीस?

"त्यात काय मजा ओ ताई?"

म्हणजे दाजींना भाजणं हा अपघात नव्हता, निवड होती. भाऊबंदकीत एवढा प्रामाणिकपणा मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्याकडं बांध कोरणारा चुलता निदान नांगराला दोष देतो.

आरडाओरडा ऐकून सौभाग्यवती पुरणाच्या हातानं बाहेर आल्या. "काय झालं? कोण जळलं?"

"तुझा जावई," लेक म्हणाली.

"अगं बाई, जेवायच्या आधीच?"

आणि त्यांनी भाच्याकडं असं पाहिलं की वीस बाजूंच्या फाशाची गरजच उरली नाही. धोंड्याला बोलावलेला जावई माझ्या घरात, माझ्या हत्तीखान्यात, माझ्या भाच्याच्या हातून आडवा! व्याह्यांना कळवायचं कसं? जावईबापू मात्र शांत. मी माझ्याकडची औषधी बाटली त्यांच्या सुपारीच्या तोंडाला लावली. उठल्यावर पहिला मंत्र त्यांनी स्वतःवर वापरला, दुसरा माझ्यावर; सासरा शेवटी सासरा. सहापैकी पाच शेंगदाणे जळाले होते. उरलेला एक थेट भाच्याच्या अंगावर धावला. मांत्रिकाला चिलखत कुठलं? दोन फेऱ्यांत तोही आडवा.

"दाजी, मंत्र टाका की!"

जावईबापूंनी ताटातला धोंडा तुपात बुडवला, सावकाश खाल्ला, हात पुसले.

"टाकतो ना," ते म्हणाले. "पुढच्या धोंड्याच्या महिन्यात."